कुणाचं काय अडतंय?

"मी नाही गेलो तर कुणाचं काय अडतंय?"

सोळा वर्षांचा मुलगा. खुर्चीत बसला होता म्हणण्यापेक्षा सांडला होता म्हणावं, असा. नजर मोबाइलवर, आणि तोही बंद पडलेला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं गैरहजेरीची लांबच लांब रांग लागली होती. शिक्षक म्हणाले, "तुम्हीच बोलून बघा, ताई." शाळेतून मन उडालेल्या मुलांना कामाच्या नाहीतर प्रशिक्षणाच्या वाटेला लावून देणं, हेच तर माझं काम.

त्याच्या प्रश्नावर माझ्याकडं तयार उत्तर होतं. "अरे, नुकसान तुझंच आहे ना." तोवर शंभरेक मुलांना तरी हे ऐकवून झालं असेल. त्यानं खांदे उडवले आणि पुन्हा त्या काळ्या पडद्याकडं बघत बसला. घरी जाताना माझ्या डोक्यात आलं, की त्यानं विचारलं एक आणि मी सांगितलं भलतंच. नफ्यातोट्याचं तो विचारतच नव्हता. तो नसला तर कुठं काही थांबतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि खरं उत्तर 'नाही' असं होतं. तास सुरू राहतो, फळा भरतो आणि पुसला जातो, घंटा वेळेवर होते.

'अडणं' हे क्रियापद तसं वैतागाचं. बैल अडतो, दार अडतं, गाडं अडतं. पण यातच दुसऱ्या बाजूचा मानही दडलेला आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरतो असं आपण म्हणतो, तेव्हा हसू हरीचं होतं. त्या क्षणी गाढवाला काय वाटत असेल, याचा विचार कुणी करत नाही. आयुष्यात एकदा तरी कुणाचं तरी आपल्यावाचून अडावं, ही भूक फार खोलवरची असते. माझ्यासमोर येणाऱ्या मुलांच्या वाट्याला असा अडलेला हरी कधी आलेलाच नसतो.

शाळेत लिहिलेला निबंध तपासला जातो, वापरला जात नाही. गणिताचं उत्तर शिक्षकांना आधीच माहीत असतं. ज्यांना त्या तपासणीतून शाबासकी मिळते, त्यांचं यावर छान भागतं. माझंही भागलं होतं. ज्यांच्या वहीवर वर्षानुवर्षं लाल रेघाच येतात, त्यांनी दहा वर्षं कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काम वाईट पद्धतीनं केलेलं असतं. त्यांचं मन उडतं याचं नवल वाटायला नको. इतके दिवस ते टिकलं कसं, हेच नवल.

आणि ते एका दिवसात उडत नाही. 'अमक्यानं शाळा सोडली' असं आपण म्हणतो, जणू काही तो एका ठरावीक सकाळी उठला आणि सोडून आला. प्रत्यक्षात आधी पहिला तास सुटतो, मग सोमवार सुटतात, मग एका विषयाची वही हरवते आणि ती हरवल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. शिकागोतल्या संशोधकांनी तिथल्या सरकारी शाळांची आकडेवारी अनेक वर्षं चाळली. २००५ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. नववीचं वर्ष जी मुलं रुळावर राहून पार पाडतात, म्हणजे वर जाण्यापुरते विषय सोडवतात आणि मुख्य विषयांत फारसं नापास होत नाहीत, ती चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्यांच्या साडेतीन पट असते. मूल पुढं टिकेल की नाही, हे आधीच्या परीक्षांतल्या गुणांपेक्षा या एका वर्षावरून जास्त नेमकं कळतं. म्हणजे हुशारीइतकीच, किंबहुना जास्तच, ही वर्षभराच्या येण्याजाण्याची गोष्ट आहे. सोळाव्या वर्षी माझ्यासमोर आणून बसवलेला मुलगा खरं तर दोन-तीन वर्षांपूर्वीच निघून गेलेला असतो. दप्तर तेवढं येत असतं.

अशा मुलांना सरकारी भाषेत काय म्हणायचं, याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये १९८८ साली सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा बेकारी काळातला आर्थिक आधार काढून घेतला गेला. आधार नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून बेकारांच्या आकड्यात ही मुलं दिसेनाशी झाली. वेल्समधल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा माग काढला, तेव्हा रोजगार मार्गदर्शन कार्यालयाच्या कागदांत त्यांना एक खूण सापडली. शिक्षणात, प्रशिक्षणात किंवा कामावर असलेल्या प्रत्येकासाठी वेगळा आकडा होता. यातल्या कशातच नसलेल्यांपुढं शून्य. 'स्टेटस झीरो'. हे फारच कडू वाटलं म्हणून की काय, पुढं दुसरं नाव रूढ झालं: ना शिक्षणात, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात. १९९९च्या एका सरकारी अहवालानंतर त्या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जगभर पसरली आणि त्यांचा उच्चार होतो 'नीट'. ज्यांचं काहीच नीट चाललेलं नाही, त्यांना जग 'नीट' म्हणतं, हा विनोद फक्त मराठीतच होतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबानं २०२३ मध्ये जगातल्या पंधरा ते चोवीस वयाच्या साधारण पाचातला एक जण या खान्यात होता. हा आकडा मी पूर्वी भाषणात वापरायचे. आता टाळते. तो ऐकून माणसं हळहळतात आणि चहाला उठतात.

सुरुवातीला मी काय करत होते, तेही सांगून टाकते. मुलं आली की पुढ्यात एक छापील कागद ठेवायचा: आवडी, छंद, कल. मग विचारायचं, "तुला काय व्हायचंय?" या वयाच्या मुलाला याहून जड प्रश्न नसेल. ज्यानं आजवर आठ-दहा कामंच जवळून पाहिलीत, त्यानं न पाहिलेल्या शेकडो कामांतून निवडायचं कसं? मुलं मग टीव्हीवरचं एखादं नाव सांगतात किंवा गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना आम्ही 'दिशाहीन' असा शेरा मारत होतो.

स्वित्झर्लंडमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं व्यवसाय-शिक्षणाकडं वळतात. त्याआधी तिथं एक छोटा प्रकार असतो, 'श्नुपरलेरे'. 'श्नुपर्न' म्हणजे हुंगणं. काही दिवस एखाद्या कामाच्या जागी जायचं, बघायचं, हाताला झेपतंय का ते चाचपायचं आणि परत यायचं. वास घेण्यापुरती उमेदवारी. नाही आवडलं तर दुसरीकडं. त्याला कुणी 'सोडून आला' म्हणत नाही. शाळा सोडल्याचा शिक्का ज्याच्यावर आहे, त्याला अपयश न ठरता नको म्हणायची मुभा मिळणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या हुंगण्यावरून कळलं. मी तो छापील कागद फाडला नाही, पण कपाटात खाली ठेवला.

'उमेदवारी' हाही आपला जुना, चांगला शब्द. फारसीतला 'उमेद' त्यात बसलेला आहे. उमेद धरून जो एखाद्याच्या हाताखाली राबतो, शिकतो, तो उमेदवार. पुढं तो शब्द निवडणुकीत गेला आणि त्याचं काय झालं, ते आपण पाहतोच.

तर तो मुलगा. त्याला मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार दिवसांसाठी पाठवलं. लेथ, ड्रिल, एक जुनं मिलिंग मशिन, तीन माणसं. आवड म्हणाल तर त्याला कशाचीच नव्हती. ती जागा त्याच्या घरापासून पायी जाण्याजोगी होती, एवढाच माझा निकष. तिथले मिस्त्री मितभाषी. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला मशिनला हात लावू दिला नाही. हातात जाडी मोजायचा व्हर्नियर दिला आणि तयार शाफ्टचा, म्हणजे गोल लोखंडी दांड्यांचा, ढीग दाखवून म्हणाले, "पंचवीस पॉइंट शून्य दोनच्या वरचे बाजूला काढ."

दशांश चिन्ह म्हटलं की या मुलाला घाम फुटायचा. शाळेत २५.०२ मोठे की २५.१ यावर त्याचे गुण गेले होते, आणि वर्गात हसं झालं होतं ते वेगळंच. इथं मात्र जाड शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे तो ज्या पोकळ नळीत बसायचा तिच्यात, जात नव्हता. ठोकला तर अडकून बसायचा. बारीक असला तर आत जाऊन डुगडुगायचा. कोण बरोबर, कोण चूक हे सांगायला कुणा शिक्षकाची गरज नव्हती, लोखंडच सांगत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मला फोन आला, कधी नव्हे तो आपणहून. "ताई, मिस्त्रींनी काढलेल्यात एक जाड निघाला. मी दाखवला त्यांना." मी विचारलं, मग ते काय म्हणाले? "काही नाही. परत लावला मशिनला."

काही न बोलता परत मशिनला लावणं, हे त्याला आयुष्यात मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र असावं.

पुढं तो तिथंच राहिला, पण सरळ रेषेत नव्हे. दुसऱ्या महिन्यात एका सोमवारी तो गेलाच नाही. जुनी सवय. साडेनऊला मिस्त्रींचा फोन आला, मला नाही, त्याला. नंतर त्यानंच सांगितलं मला. ते रागावले नाहीत, समजूत काढली नाही, भविष्य वगैरे तर नाहीच. एवढंच म्हणाले, "कुठं आहेस? जॉब अडलाय." वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे, मशिनवर चढवलेला तुकडा. तो अडला होता, कारण तयार माल मापून वेगळा करायचं काम आता त्याचं होतं आणि टेम्पो अकराला येणार होता. मुलगा धावत गेला. मी वर्षानुवर्षं जे समजावत होते, ते त्या माणसानं दोन शब्दांत उरकलं. मला त्यांचा थोडा हेवाही वाटला.

यानंतर मी जगातले असे प्रयोग वाचायला लागले, तेव्हा प्रत्येकात हा 'अडण्या'चा धागा शोधत राहिले. डेन्मार्कमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून 'उत्पादन शाळा' नावाचा प्रकार होता. नेहमीच्या शिक्षणात न रमलेली, पंचविशीच्या आतली मुलं तिथं यायची. सुतारकाम, धातुकाम, स्वयंपाकघर असे विभाग असायचे आणि तिथं बनलेल्या वस्तू खरोखर विकल्या जायच्या. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळायचा. सरावासाठी बनवून मग मोडून टाकायचं टेबल आणि गिऱ्हाईक न्यायला येणार असलेलं टेबल, यात लाकूड तेच असतं, बनवणारा मात्र बदलतो. २०१९ मध्ये या शाळा नव्या व्यवस्थेत विलीन झाल्या. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये १९७८ साली डोरोथी स्टोनमन या शिक्षिकेनं वस्तीतल्या किशोरांना विचारलं, की तुमच्या हाती सगळं असतं तर तुम्ही इथं काय सुधारलं असतं? मुलं म्हणाली, ओसाड पडलेली घरं दुरुस्त करू. तिनं त्यांना तेच करायला मदत केली आणि त्यातूनच पुढं 'यूथबिल्ड' ही चळवळ उभी राहिली. "तुला काय व्हायचंय?" आणि "इथं काय दुरुस्त करायला हवं?" यांत केवढं अंतर आहे! पहिल्या प्रश्नात मूल हाच दुरुस्त करायचा जिन्नस असतो.

जर्मनीची दुहेरी पद्धत सगळ्यांना माहीत असते: आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत. १९६९चा कायदा, सव्वातीनशेच्या आसपास मान्य व्यवसाय, दोन ते साडेतीन वर्षांची उमेदवारी. परिसंवादात कुणी ना कुणी तिचे गोडवे गातंच. पण तिथंही दर वर्षी अडीच लाखांच्या आसपास मुलं उमेदवारीच्या जागेवर न पोचता मधल्या तयारीच्या अभ्यासक्रमांत जातात. मधली जागा सगळीकडंच असते. आणि खरी धास्ती मला त्याच जागेची वाटते.

शाळेचा शेवटचा दिवस आणि पुढच्या कशाचा तरी पहिला दिवस, यांमधल्या काळात मुलं हरवतात. हा काळ कधी पंधरा दिवसांचा असतो, कधी तीन महिन्यांचा. कागदावर सगळं ठरलेलं असतं, प्रवेश झालेला असतो, त्यामुळं मागची माणसं निश्चिंत असतात आणि पुढच्यांना अजून त्याचं नावही माहीत नसतं. हळूहळू मुलाची झोप सरकत जाते. आधी नऊ, मग अकरा, मग दुपारी एक. दिवस उलटा झाला की सकाळी आठची बॅच ही दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट होते.

१९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात मारी याहोदा ही संशोधक आणि तिचे सहकारी बेकारीचा अभ्यास करायला गेले. गावची कापडगिरणी बंद पडली होती आणि जवळपास सगळं गाव बेकार होतं. वेळ भरपूर मिळाला म्हणजे माणसं वाचतील, खेळतील असं वाटावं. उलट ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव दोन वर्षांत निम्म्यावर आली होती. संशोधकांनी हमरस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत चालत, मध्येच थांबत. बहुतेकांनी खिशात घड्याळ बाळगणंही सोडलं होतं. हे वाचताना मला आमची दुपारी एकला उठणारी मुलं दिसली. तो आळस आहे असं घरचे म्हणतात, मीही म्हणत असे. पण जिथं कुणी वाट बघत नाही, तिथं घड्याळ तरी कशाला लागतं?

त्या गावातल्या बायका मात्र भराभर चालत होत्या. त्यांची गिरणीतली मजुरी गेली होती, काम गेलं नव्हतं. चूल, मुलं, धुणंभांडी होतंच.

आणि इथं माझ्या लाडक्या सिद्धान्ताला पहिला तडा गेला. एक सतरा वर्षांची मुलगी, हिशेबाला पक्की. इलेक्ट्रिशियनच्या प्रशिक्षणात तिला मीच मोठ्या उत्साहानं घातलं होतं. पहिले दोन दिवस आली, तिसऱ्या दिवसापासून बंद. मी घरी गेले. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी, हाताशी चार वर्षांचा भाऊ, आई कामावर. माझं ठरलेलं भाषण सुरू होण्याआधीच ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी गेले तर घर अडतं."

माझाच शब्द माझ्या पुढ्यात आला. मुलांचं कुणाचं काही अडत नाही म्हणून ती निसटतात, हे मी पाठ करून ठेवलं होतं. या मुलीवाचून इतकं अडत होतं, की तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. पाचातला एक असा जो आकडा मी टाळते, त्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे: त्या मुलामुलींतल्या दर तिघांत दोघी मुली असतात. सगळ्या नुसत्या बसून आहेत असं कसं म्हणायचं? त्यातल्या कितीतरी जणी सकाळी पाचपासून उभ्या असतील. त्यांच्या कामाला हजेरीपट नाही, एवढंच.

तिच्या बाबतीत मला प्रेरणा, समुपदेशन यातलं काही करायचं नव्हतं. करायचं होतं ते दुपारच्या बॅचसाठी अर्ज, भावासाठी पाळणाघराची चौकशी आणि तिच्या मावशीशी तासभर बोलणं. मावशी आठवड्यातले तीनच दिवस यायला तयार झाली. संस्थेनं आढेवेढे घेत तीन दिवसांची हजेरी मान्य केली. दुप्पट वेळ लागला, पण अभ्यासक्रम पुरा झाला. अहवालात ही 'विलंबित पूर्तता' म्हणून लागली. माझ्या मते त्या वर्षी आमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

दुसरा तडा जास्त लाजिरवाणा होता. एका मुलाची हजेरी आठ महिने शंभर टक्के. मी त्याचं उदाहरण इतरांना द्यायचे. एकदा सहज विचारलं, काय काय शिकलास? बराच वेळ त्याला काही सुचेना. मग म्हणाला, "सगळ्यांची कामं करतो." झाडणं, सामान आणणं, गाड्या पुसणं. त्याच्यावाचून तिथं अडत होतं, यात शंका नाही. स्वस्तातला पोऱ्या कुणाला नको असतो? जागा मी शोधून दिली होती आणि आठ महिन्यांत एकदाही आत जाऊन पाहिलं नव्हतं, कारण तक्रार आली नव्हती. तेव्हापासून मी दर महिन्याला मालकाला नव्हे तर मुलाला विचारते: गेल्या महिन्यात येत नव्हतं असं आता काय येतं? उत्तर मिळालं नाही तर जागा बदलायची, मग हजेरी कितीही चांगली असो. आणि मोबदल्याचं बोलणं पहिल्याच दिवशी, मुलासमोर. 'शिकतोय ना, मग पैसे कसले' हे वाक्य ऐकलं की मी आता सरळ उठते.

पैशाला मी पूर्वी थोडं नाक मुरडत असे. शिकण्याची गोडी लागावी, पैशाची नको, वगैरे. २०१२ साली शिकागोत हिंसाचारग्रस्त भागांतल्या शाळांमधल्या सोळाशेहून अधिक किशोरांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या काहींना सोडत काढून उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं काम दिलं: आठवड्याला पंचवीस तास, किमान वेतन आणि पाठीशी एक मोठं माणूस. सारा हेलर या अर्थतज्ज्ञानं पुढचे सोळा महिने पोलिसांच्या नोंदी तपासल्या. काम मिळालेल्या मुलांमध्ये हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि ही घट बरीचशी काम संपल्यानंतरची होती. म्हणजे मुलं कामात गुंतली म्हणून उपद्रव थांबला, एवढीच ती गोष्ट नव्हती. नेमकं काय घडलं, यावर अभ्यासक वाद घालोत. ज्याला स्वतःच्या कमाईचं पहिलं पाकीट हातात धरून उभं राहिलेलं मी पाहिलंय, त्याची पाठ त्या दिवशी वेगळी दिसते.

मधल्या काळासाठी हल्ली मोबाइल संदेशांचा मोठा बोलबाला आहे. अमेरिकेत असं दिसलं, की कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेल्या मुलांपैकी दहा ते वीस टक्के मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीतच गळतात. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी अशा मुलांना वेळोवेळी आठवणीचे संदेश पाठवून पाहिले, मागं प्रश्न विचारायला समुपदेशक ठेवला, आणि काही ठिकाणी चांगला फरक पडला. मग असेच संदेश, पण शिक्षणासाठीच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरण्याची आठवण देणारे, राज्य आणि देशपातळीवर मिळून आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना पाठवण्यात आले. परिणाम जवळपास शून्य. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आठ लाख जणांना गेलेला संदेश आपल्या एकट्यासाठी नाही, हे सोळा वर्षांच्या मुलाला वास घेऊनच कळतं.

म्हणून आमचं तंत्र अगदी गावठी आहे. शाळेचा शेवटचा दिवस संपण्याआधीच मुलाची पुढच्या जागेतल्या एका माणसाशी गाठ घालून द्यायची. नावानिशी. पहिल्या दिवशी सोबत जायचं. आणि फोन पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी करायचा. पहिला दिवस कुतूहलात जातो, दुसरा चिकाटीत. तिसऱ्या दिवशी पाय अडखळतो. हे तिसऱ्या दिवसाचं गणित मला कुठल्या अभ्यासात सापडलेलं नाही, पण माझ्या वहीत ते पुन्हा पुन्हा आहे.

सोबत जाण्याचं महत्त्व एका मुलानं शिकवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो काम सोडून घरी आला. "आवडलं नाही," एवढंच सगळ्यांना सांगितलं. आम्हीही लिहून टाकलं: रस नाही. सहा महिन्यांनी, दुसरीकडं रुळल्यावर, हसत हसत म्हणाला, "ताई, तिथं संडास कुठंय तेच मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली." एवढ्या एका गोष्टीवरून एका मुलाच्या आयुष्यातले सहा महिने गेले होते. आता पहिल्या दिवशी मी स्वतः मोठ्यानं विचारते, "संडास कुठंय हो?" मुलं शरमेनं जमिनीकडं बघतात. बघू देत.

आणि ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळते तेव्हा ती जिवाभावाच्या माणसांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. जिवाभावाच्यांना आपल्याला माहीत तेवढंच माहीत असतं. आमच्या मुलांना मित्र असतात, जीव ओवाळून टाकणारे असतात. नसतात त्या या पातळ ओळखी: वडिलांचा एखादा जुना सहकारी, कुठल्याशा समारंभात भेटलेल्या काकू. सुस्थितीतल्या घरांत त्या आपोआप जमतात आणि मग त्यांना 'स्वतःच्या हिमतीवर' असं नाव पडतं. आमच्या कामातला निम्मा वेळ अशा पातळ ओळखी उसन्या आणण्यातच जातो.

सगळे लागतात का मार्गाला? नाही. एका मुलासाठी पाच जागा पाहिल्या, पाचही सुटल्या. सहाव्या वेळी त्यानं माझा फोन घेणं बंद केलं. त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडं. सणासुदीला संदेश पाठवते; दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. अहवालात त्याच्यापुढं 'संपर्क नाही' असं लिहायला सांगतात. निळ्या खुणा येतात म्हटल्यावर मी ते अजून लिहिलेलं नाही.

त्या पहिल्या मुलाला वर्कशॉपमध्ये आता दीड वर्ष होत आलंय. मिस्त्री त्याला लेथवर घेतात, बारीकसारीक टर्निंग देतात. मध्यंतरी रात्री साडेदहाला त्याचा संदेश आला. वर्षभर कुणाला काही न सांगता शाळेला दांड्या मारलेल्या मुलाला विचारायचं होतं, रजा कशी मागतात. बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं. अर्धाच दिवस. त्यानं मिस्त्रींसाठी लिहून ठेवलेला मजकूर आधी मला पाठवला, "बरोबर आहे का बघा" म्हणून. लिहिलं होतं, 'उद्या दुपार पर्यंत येनार नाही. सकाळचा जॉब आज थांबून पुर्ण केला आहे, टेबला वर ठेवला. टेम्पो वाल्याला सांगीतलं आहे.'

शुद्धलेखनाच्या पाच-सहा चुका होत्या. त्या दुरुस्त करून पाठवेपर्यंत त्यानं तो संदेश मिस्त्रींना पाठवूनही टाकला होता.